नायकाच्या जागी बसलेला माणूस

माझा नवरा एका तमिळ सिनेमात आहे, असं मी कुणाला सांगितलं की लोक लगेच मोबाइल काढतात आणि सिनेमाचं नाव विचारतात. मग मला सांगावं लागतं की तो दिसत नाही. म्हणजे दिसतो, पण पाठमोरा. आणि जिथे तो वळतो तिथे चेहरा दुसऱ्याचा आहे. एवढं ऐकल्यावर समोरच्याला काय बोलावं ते कळत नाही. म्हणून हल्ली मी सांगतच नाही. इथे मात्र सगळं पहिल्यापासून लिहायचं ठरवलं आहे.

आम्ही सिंगापूरला बेडोकमध्ये राहतो, अकराव्या मजल्यावर. शनिवारी सकाळी भाजी आणायचं काम त्याचं होतं. बाजाराला लागूनच हॉकर सेंटर आहे, एका छपराखाली खाण्याच्या टपऱ्या. तिथे तो आधी एक अंड्याचा प्रता, म्हणजे इथला पराठा, आणि कॉफी घ्यायचा, आणि मग भाजीकडे वळायचा. त्या शनिवारी हॉकर सेंटरचा अर्धा भाग दोरी लावून बंद केलेला होता. मोठे दिवे, काळे पडदे, केबलची भेंडोळी. शूटिंग चाललंय एवढं त्याला कळलं. तो आपला दोरीच्या कडेकडेने चालला होता, तेवढ्यात मागून कुणीतरी त्याचा कोपर धरला आणि भराभरा तमिळमध्ये काहीतरी सांगायला लागलं. तो वळला. पंचवीस-सव्वीस वर्षांची एक मुलगी होती, कमरेला वॉकीटॉकी लावलेली. त्याचा चेहरा बघून तिचा चेहरा पडला.

"सॉरी सर, सॉरी! मला वाटलं आमचे सर इकडे फिरतायत."

तिचे सर म्हणजे त्या सिनेमाचा नायक. तमिळनाडूत त्याचे मोठमोठे फलक लागतात, इतका तो मोठा. ती मुलगी सहायक दिग्दर्शक होती, आणि नायकाला गाडीतून सेटवर आणायचं काम तिचं होतं. पाठीमागून तिची फसगत झाली होती. उंची तीच, खांदे तेच, मानेवर उतरलेले दाट केस तसेच, आणि डाव्या खांद्याला किंचित झुकून उभं राहायची लकबही तीच.

सिनेमा होता एकसारख्या दिसणाऱ्या दोन माणसांचा. नायक दोन भूमिका करत होता. अशा सिनेमात दोघं समोरासमोर आले की एकाचा चेहरा दिसतो आणि दुसऱ्याची नुसती पाठ. ती पाठ देणारा माणूस वेगळा असतो. त्यांचा तो माणूस चेन्नईहून बरोबर आला होता, पण दोन दिवसांपूर्वी मारामारीच्या प्रसंगात त्याचा गुडघा मुरगळला होता, आणि काम अडलं होतं. ती मुलगी माफी मागून पळाली आणि पाच मिनिटांत दिग्दर्शकाला घेऊन परत आली. दोघांनी माझ्या नवऱ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, आणि मग विचारलं.

त्याने मला फोन केला. "अगं, मला सिनेमात घेतायत."

"कोण?"

"तमिळ लोक."

"तुला तमिळ कुठे येतं?"

"बोलायचं नाहीये. पाठ दाखवायचीय."

"भाजी घेतलीस का?" मी विचारलं.

हे माझं उत्तर मला अजून ऐकू येतं. मी चिडले नव्हते. मी नेहमी बोलते तशीच बोलले होते.

आमची मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. तिने डोक्याला हात लावला आणि इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, सो एम्बॅरसिंग लाह. माझ्या क्लासमधल्या तमिळ मुली बघणार ना."

"तोंड दिसणारच नाहीये," तो फोनवरून म्हणाला.

"देन ओके."

शनिवार आणि रविवार असे दोन दिवस काम होतं. आम्हाला पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळून बरीच वर्षं झालेली, त्यामुळे कामाच्या पासची भानगड नव्हती. कुठलासा कागद सही करून घेतला आणि त्याला नायकासारखा शर्ट घालून बसवलं. रविवारी सकाळी निघताना त्याने दारात बूट घालता घालता मला विचारलं, "तू येतेस का बघायला? दुपारपर्यंत आहे. पाहुण्यांना बसू देतात."

मला आठवड्याचे कपडे इस्त्री करायचे होते. शिवाय आदल्या दिवशी भाजी आलीच नव्हती, म्हणून मी जरा फुरंगटून होते. "तुझी पाठ रोजच बघते मी," मी म्हणाले. तो हसला आणि गेला.

हे सांगताना आधीची दोन वर्षंही सांगायला हवीत. त्याच्या बँकेतली अर्धी टीम दुसऱ्या देशात हलवली होती, आणि उरलेल्यांवर सगळं काम आलं होतं. तो घरी यायचा, जेवायचा, बातम्या बघायचा. भांडणं नव्हती आमच्यात. बोलणंच कमी झालं होतं. मी काही विचारलं की तो "हं" म्हणायचा. मग मीही विचारणं सोडलं. मुलगी कानात हेडफोन घालून तिच्या खोलीत. तीन माणसांच्या घरात वॉशिंग मशीनचाच काय तो आवाज.

रविवारी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा कॉलरला मेकअपचा रंग लागलेला होता आणि चेहऱ्यावर मी बऱ्याच दिवसांत न बघितलेला तजेला होता. तो सांगायला लागला, की दोरीपलीकडे बघायला आलेल्या तमिळ कामगारांनी पाठीमागून त्याला बघून शिट्ट्या मारल्या, आणि तो वळला तेव्हा सगळे क्षणभर गप्प झाले आणि मग आणखीच जोरात ओरडले. दोघांनी तर तरीही त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला. तो सांगत होता आणि माझा फोन वाजला, पुण्याहून माझ्या बहिणीचा. मी हाताने त्याला थांब म्हटलं आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा तो अंघोळीला गेला होता. नंतर तो विषय निघाला नाही.

त्यानंतर चार महिन्यांनी तो गेला.

सकाळी तो बेडोक रिझर्व्हायरला, म्हणजे तलावाकाठी, फिरायला जायचा. त्या दिवशी मी डबे भरत होते आणि मुलगी शाळेत निघायच्या तयारीत होती. अनोळखी नंबरवरून फोन आला. पोलीस होते. एक माणूस फिरताना कोसळला आहे, रस्त्यावरच्या लोकांनी छाती दाबून प्रयत्न केले, अॅम्ब्युलन्सने हॉस्पिटलला नेलं आहे, त्याच्या मोबाइलवर तुमचा नंबर आहे, तुम्ही येऊ शकाल का. ते "एक माणूस" म्हणत होते, "तुमचा नवरा" म्हणत नव्हते. टॅक्सीत बसल्यावर मी त्या दोन शब्दांना धरून बसले. तो मोबाइल कुणाला तरी सापडला असेल. त्याने तो बाकावर विसरला असेल, आणि दुसऱ्या कुणी तो उचलला असेल. एकसारख्या अंगाची माणसं असतात. अख्खं सिनेमाचं युनिट फसलं होतं, मग पोलीस का फसणार नाहीत? मी हे सगळं अगदी नीट, एकापुढे एक विचार करत गेले. मुलीचा हात माझ्या हातात होता आणि तिला मी म्हणाले, "चुकलं असेल त्यांचं काहीतरी."

एक तरुण पोलीस मला आत घेऊन गेला. त्याने फार हळू आवाजात विचारलं, "हे तुमचे मिस्टर आहेत का?"

होता. तोच होता.

मंडाईच्या दाहगृहात सगळं उरकलं. पुण्याहून दीर आले, दहा दिवस राहिले आणि गेले. सासूबाईंना प्रवास झेपणार नव्हता, त्यांनी फोनवरच सगळं पाहिलं. घरात डबे आणणाऱ्या मराठी मैत्रिणींची ये-जा महिनाभर होती, मग तीही साहजिकच थांबली. मुलगी रडली नाही. मी रडत असले की ती पाण्याचा ग्लास आणून ठेवायची आणि दार लावून अभ्यासाला बसायची. त्याचे दोन टी-शर्ट धुवायला टाकलेले होते, ते तिने मला न विचारता उचलले आणि घरात तेच घालायला लागली. तिच्या शाळेतून एकदा फोन आला की ती ठीक आहे, मार्कही ठीक आहेत, पण डब्याच्या सुट्टीत कुणाशी बोलत नाही. मी तिला विचारलं तर म्हणाली, "आय अॅम फाइन, आई. डोन्ट बी लाइक दॅट लाह."

सात-आठ महिन्यांनी एके दिवशी ती मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, तो सिनेमा येतोय." सिनेमाची झलक होती. दोन मिनिटांत मारामाऱ्या, नाच, उडणाऱ्या कढया आणि तो नायक, एकदा भित्रा, एकदा गुंड. पाठ कुठेच नव्हती. तिने ती झलक पंधरा वेळा तरी बघितली असेल, मला आवाज ऐकू येत होता.

पहिल्या शनिवारी दुपारच्या खेळाला आम्ही दोघी सेरंगूनला गेलो. थिएटर भरलेलं होतं. पुढच्या रांगेत एक बाप मांडीवर लहान मुलीला घेऊन बसला होता. आजूबाजूला सगळी घरंच्या घरं आलेली, चकलीसारख्या मुरुक्कूचा वास, मोठ्याने गप्पा. नायक पहिल्यांदा आला तेव्हा लोक उभे राहून ओरडले. आम्ही दोघी खाली इंग्रजी अक्षरं वाचत बसलो.

गोष्ट अशी होती. गावाकडचा एक भित्रा आचारी सिंगापूरला एका खानावळीत कामाला येतो. इथल्या एका टोळीचा म्होरक्या हुबेहूब त्याच्यासारखा. म्होरक्याचे शत्रू आचाऱ्याला धरतात, म्होरक्याची माणसं आचाऱ्याला मुजरे करतात, आणि खरा म्होरक्या खानावळीत अडकतो तिथे मालकीण त्याच्याकडून शंभर डोसे करून घेते. लोक हसून हसून लोळत होते. खरं सांगायचं तर मीही एकदोनदा हसले. मग मला स्वतःची लाज वाटली.

मध्यंतरानंतर तो प्रसंग आला. हॉकर सेंटर. आमचंच, बेडोकचं. दोघं पहिल्यांदा एकमेकांसमोर येतात आणि एका टेबलावर बसतात. आधी भित्र्याचा चेहरा आणि म्होरक्याची पाठ. मग म्होरक्याचा चेहरा आणि भित्र्याची पाठ. म्हणजे कधी या बाजूचा, कधी त्या बाजूचा, दोन्हीकडे माझाच नवरा बसला होता.

मुलीने माझा दंड धरला. "आई. दॅट्स बाबा'ज इअर."

कान दिसत होता, उजवा. त्याच्या पाळीला लहानपणी काहीतरी लागून एक खाच होती. रंगपटात ती झाकायचं कुणाला सुचलं नव्हतं. मग खांदा, मग शर्टात ताणलेली पाठ. तो बोलताना मान जराशी पुढे घ्यायचा, तशी ती पाठ पुढे झाली. समोर नायक त्याच्याकडे बघत होता, आणि मग फुटून हसायला लागला. भित्रा आणि म्होरक्या एकमेकांना बघून हसत सुटतात असा तो प्रसंग होता. नायकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. अख्खं थिएटर त्याच्याबरोबर हसलं. पुढच्या बापाच्या मांडीवरची मुलगीही टाळ्या पिटत होती.

मग दोघं उठून चालायला लागले, कॅमेऱ्याकडे पाठ करून, बरोबरीने. उजवीकडचा माझा नवरा. डावं पाऊल किंचित बाहेर टाकत, आणि चार पावलांवर पँटच्या खिशाला हात लावून किल्ल्या आहेत ना हे बघत. घरातून निघताना तो हे रोज करायचा. सिनेमातल्या म्होरक्याच्या खिशात कसल्या किल्ल्या? आणि मग तो वळला.

मी पुढे वाकले होते. मला ठाऊक होतं की चेहरा दिसणार नाही, तो स्वतःच सांगून गेला होता. तरी मी वाकले होते. तो वळला आणि त्या मानेवर नायकाचा चेहरा होता. काँप्युटरवर बसवलेला. इतका बेमालूम, की दुसऱ्या कुणाला कळलंच नसेल. त्याचे खांदे, त्याची चाल, त्याचा हात अजून किल्ल्यांवर, आणि वर परका माणूस हसत होता. माझ्या तोंडून आवाज निघाला. शेजारच्या बाईला वाटलं मी हसतेय. तिने माझ्याकडे बघून मान डोलावली.

सिनेमा संपल्यावर लोक उठून गेले. मुलगी उठेना. "नाव येईल," ती म्हणाली. साफसफाई करणारी माणसं रांगांमधून फिरायला लागली, पडद्यावर नावं सरकत होती, स्वयंपाक्यांची, ड्रायव्हरांची. मग नायकाच्या जागी उभं राहणाऱ्याचं नाव आलं. ते गुडघा मुरगळलेल्या त्या चेन्नईच्या माणसाचं होतं. त्याच्या खाली काही नव्हतं.

घरी येताना एमआरटीत, इथल्या मेट्रोत, ती मोबाइलवर काहीतरी शोधत होती. घरात शिरल्या शिरल्या तिने लॅपटॉप उघडला आणि सिनेमा काढणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं नाही. मी नंतर वाचलं. एवढंच होतं, की तुमच्या सिनेमातल्या त्या प्रसंगात माझे बाबा आहेत. तुम्ही दुसऱ्याचं नाव लिहिलंय. माझे बाबा आता नाहीत, त्यामुळे ते स्वतः तक्रार करू शकत नाहीत. प्लीज दुरुस्त करा.

सिनेमा दोन आठवडे चालला. मी आणखी तीनदा गेले, ऑफिसातून लवकर निघून. मध्यंतरानंतर आत जाऊन बसायचे, तेवढा प्रसंग बघून बाहेर यायचे. तिकीट फाडणाऱ्या मुलीला वाटलं असेल ही बाई त्या नायकाच्या प्रेमात पडलीय. तिसऱ्या आठवड्यात गेले तर तिथे दुसरा सिनेमा लागला होता.

पत्राला उत्तर आलं दीड महिन्यानंतर. तेही कंपनीकडून नाही, तर त्या वॉकीटॉकीवाल्या मुलीकडून. ती आता दुसऱ्या सिनेमावर होती, कुणीतरी पत्र तिच्याकडे पाठवलं होतं. फोनवर बोलू का, असं तिने विचारलं होतं. रविवारी सकाळी तिचा फोन आला. मुलगी क्लासला गेली होती.

ती इंग्रजीत बोलत होती, मला मात्र "अक्का" म्हणत होती. "अक्का, मला माहीतच नव्हतं. सरांना काय झालं?"

मी सांगितलं. ती हळहळली. मग म्हणाली, "नावाची चूक माझीच. यादी आधी केलेली होती, नंतर मी बदलायला विसरले. मी त्यांना सांगितलंय, ऑनलाइन येईल तेव्हा बदला म्हणून. बदलतील का ते माहीत नाही. माझ्या हातात आता काही नाही."

"असू दे," मी म्हणाले. मग धीर करून मी विचारलं, "चेहरा बसवायच्या आधीचं काही असेल का तुमच्याकडे? मूळचं? तो वळतो तेवढंच."

"नाही अक्का. मी पत्र आल्यावर विचारलं होतं. ते सगळं पुसून त्यावर दुसरं काम घेतलं. त्यांचा आवाजही होता आमच्याकडे. तोही आता नाही."

"आवाज? त्याला तर बोलायचं नव्हतं."

आणि मग तिने जे सांगितलं ते मला माझ्या नवऱ्याने कधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगणार होता, मी फोनवर आत गेले तेव्हा.

पाठमोऱ्या माणसालाही ओठ हलवावे लागतात, नाहीतर मानेच्या हालचालीवरून कळतं. शिवाय नायकाला समोरून काहीतरी ऐकू आलं पाहिजे. आवाज नंतर काढूनच टाकायचा असतो, म्हणून दिग्दर्शक म्हणाला होता, काहीही बोला. "सर आधी एक, दोन, तीन असं मोजायला लागले. आमचा हीरो म्हणाला, आकड्यांवर मला हसू कसं येणार? तुमच्या भाषेत काहीतरी गोष्ट सांगा. मग सर सुरू झाले, अक्का. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. पण ते म्हातारीचा आवाज काढायचे, मग स्वतःचा, मग पुन्हा म्हातारीचा. हातवारे तर असे करायचे! हीरो हसत सुटला. अभिनय नव्हता तो. त्याला थांबवता येईना. आम्हीही मागे तोंड दाबून हसत होतो. डायरेक्टरने तेच हसू सिनेमात ठेवलं."

घरात "हं" म्हणणारा माणूस.

"एक शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला होता," ती म्हणाली. "नंतर चेन्नईलासुद्धा कुणी कंटाळलं की दुसरा म्हणायचा, आणि सगळे हसायचे. आजीपाय. आजीपाय म्हणजे काय, अक्का?"

आजीबाई. मी तिला अर्थ सांगितला. बाकीचं सांगितलं नाही, आभार मानून फोन ठेवला.

आजीबाईची गोष्ट ही त्याची खास गोष्ट होती. आम्ही सिंगापूरला आलो त्या पहिल्या वर्षी ती घडली होती, आणि पुढे दहा वर्षं तो ती प्रत्येक नव्या माणसाला सांगत असे. दर वेळी थोडी वाढवून. एका गणपतीत आमच्या घरी पंधरा-वीस माणसं होती, कुणीतरी पुण्याहून नवीन आलेलं जोडपं होतं, आणि तो त्यांना सांगायला लागला. मी मोदकांचं ताट घेऊन येत होते. मी म्हणाले, "झालं! पुन्हा आजीबाई. अरे, किती वेळा तेच तेच? सगळ्यांना तोंडपाठ झालीय." सगळे हसले. तोही हसला, आणि त्याने ताट माझ्या हातातून घेतलं. त्यानंतर माझ्यासमोर ती गोष्ट त्याने कधी सांगितली नाही. मुलगी तेव्हा फार लहान होती. तिला ती माहीतही नव्हती.

त्याला ती पुन्हा एकदा सांगायला मिळाली, आणि ऐकणाऱ्यांतल्या कुणाला मराठी येत नव्हतं. मराठी येणारी बाई दोन बस स्टॉप पलीकडे इस्त्री करत होती.

सिनेमा ऑनलाइन आला तेव्हा मुलीने आधी शेवटची नावं काढून बघितली. बदललेली नव्हती. तिने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "नेव्हर माइंड." पुण्याला दिरांनी तो टीव्हीवर लावून सासूबाईंना दाखवला. त्यांचा मला फोन आला. "कुठे बघायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं, थांबव, हा बघ बसलाय. तेल लावून रगडलीय ती पाठ मी, मला का कळणार नाही? पण मग ते मेलं तोंड कुणाचं लावलंय?" आणि त्या रडायला लागल्या.

पुढच्या रविवारी दुपारी मी मुलीला फोनवरचं सगळं सांगितलं. गणपतीतलंही सांगितलं, काही लपवलं नाही. मला वाटलं आता ही चिडेल. तिने उठून टीव्हीवर तो प्रसंग लावला आणि आवाज बंद केला.

"सांग," ती म्हणाली. "बाबा सांगायचा तशी. मराठीत."

मग मी सांगायला लागले. पडद्यावर त्याची पाठ होती आणि मी सोफ्यावरून बोलत होते. आम्ही तेव्हा चोआ चू कांगला भाड्याने राहायचो. सगळे ब्लॉक एकसारखे, सगळे मजले एकसारखे. बाबा ऑफिसातून आला आणि आपला म्हणून शेजारच्या ब्लॉकमध्ये शिरला. लोखंडी दार उघडंच होतं. त्याने बूट काढले, आत गेला, फ्रिजमधली बाटली काढून पाणी प्यायला. तेवढ्यात आतल्या खोलीतून एक चिनी आजीबाई आली. बाबाला वाटलं आईने कुणाला तरी चहाला बोलावलंय. त्याने वाकून नमस्कार केला. आजीबाई एसीवाल्याची वाट बघत होती. तिने त्याला हाताला धरून आत नेलं आणि स्टूल दिलं.

"ही डिडन्ट," मुलगी म्हणाली.

"चढला ना स्टुलावर. म्हातारं माणूस सांगतंय, नाही कसं म्हणायचं? जाळी काढली, न्हाणीघरात नेऊन धुतली, पुसून बसवली. आजीबाईने त्याला सूप दिलं. तो प्यायला. मनात म्हणतोय, ही बाई आपल्याच घरात आपल्याला कामाला लावतेय, आणि बायको कुठे गेलीय?"

ती हसत होती. त्याचा टी-शर्ट तोंडाशी धरून हसत होती, आणि हसता हसता रडायला लागली, इतके महिने न रडलेली मुलगी. मी तिला जवळ घेतलं. पडद्यावर नायक हसायचा तो भलत्याच जागी. मी सूप म्हणेपर्यंत त्याचं हसून झालेलं असायचं. तिने रिमोटने प्रसंग मागे नेला, मी थोडं लवकर सुरू केलं, तरी जुळेना.

"मग खरा एसीवाला आला?" तिने नाक पुसत विचारलं.

"आला. दारात उभा, हातात पेटी घेऊन. त्याने बाबाला विचारलं, तू कोण?"

"मग बाबा काय म्हणाला?"

मी तोंड उघडलं आणि मला पुढचं आठवेना. तिथे तो काहीतरी एक वाक्य बोलायचा. सगळ्यात जास्त हशा त्याच वाक्याला पिकायचा, तेवढं मला ठाऊक होतं. कारण गोष्ट तिथवर आली की मी चहा टाकायला उठून आत गेलेली असायची, आणि हसण्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. मी डोळे मिटून खूप आठवून पाहिलं. त्याचा हात दिसत होता, पुढे केलेला. शब्द येत नव्हते.

"आई?"

"नाही गं आठवत," मी म्हणाले.

त्या पहिल्या दिवसांतल्या दोघा-तिघांना मी नंतर फोन करून विचारलं. गोष्ट सगळ्यांना आठवत होती, आजीबाई आठवत होती, सूप आठवत होतं. ते वाक्य प्रत्येकाने वेगवेगळं सांगितलं, आणि त्यातलं एकही त्याचं वाटलं नाही.